सरांचा उजवा गाल

कॉलेजात शंतनू पाठकच्या पुतळ्यांची नाकं पडायची. सकाळी शिल्पकलेचा वर्ग उघडला की त्याच्या स्टँडखाली एखादं नाक पडलेलं असायचंच, आणि ते उचलून अदबीनं त्याच्या हातात ठेवायचं काम रामकिसन गव्हाणे करायचा. पुढं आयुष्यात बऱ्याच गोष्टी रामकिसनच्या मनासारख्या झाल्या नाहीत. पण शंतनूला नाक बसवता येत नाही, या एका गोष्टीच्या आधारावर त्यानं चांगली पंचवीस-तीस वर्षं समाधानात काढली.

आणि आता बघावं तर जिल्हाभर शंतनूची नाकं उभी. करमाडच्या शाळेच्या आवारात एक, वेरूळच्या रस्त्याला एका पतसंस्थेच्या दारात एक, असे अकरा अर्धपुतळे झाले होते आणि अकराच्या अकरा नाकं जागेवर होती. प्रत्येक अनावरणाचा फोटो जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायचा. मग अंगठे, फुलं, फेटेवाले बाहुले यांचा पाऊस पडायचा. गर्दी ओसरली की रामकिसन आपला एक अंगठा टाकायचा. लवकर टाकला तर वाटच बघत बसला होता असं दिसतं, टाकलाच नाही तर जळतो असं दिसतं. नेमक्या कुठल्या वेळी टाकला म्हणजे माणूस कामात बुडालेला दिसतो, हे त्यानं साधनेनं कमावलेलं होतं.

रामकिसन शाळेत चित्रकला शिकवायचा आणि बजाजनगरातल्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये मातीकाम करायचा. एके काळी संस्थापक, चेअरमन, कैलासवासी आमदार सगळे त्याच्याच शेडमधून बाहेर पडायचे. आता लोक यायचे ते घरातल्या गणपतीचा हात मोडला म्हणून.

शंतनूनं माती सोडली होती. त्याच्याकडं पेन टॅबलेट होता. म्हणजे एक काळी पाटी आणि एक पेन. पाटीवर पेन फिरवलं की समोर कंप्युटरच्या पडद्यावर मातीसारखा गोळा दबतो, फुगतो, त्याला डोळे फुटतात. डोकं तयार झालं की वाळूजमधलं एक मशीन ते थर्माकोलमध्ये कोरून देतं आणि त्यावरून साचा निघतो. हाताला माती नाही, कपड्याला डाग नाही. रामकिसनचं यावर ठाम मत होतं आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी द्यायचा.

"त्यो कुठं करतो? कंप्युटर करतो."

"मग तुमी बी सांगा की कंप्युटरला," त्याची बायको गीता म्हणायची. "त्याला काय जात इचारायचीय का तुमची?"

असं सगळं जागच्या जागी जळत होतं. तेवढ्यात धारूरकर सरांना ऐंशी वर्षं पूर्ण व्हायला आली.

दत्तोपंत धारूरकर हे या दोघांचे शिल्पकलेचे गुरू. डाव्या गालात कायम पानाचा तोबरा आणि त्या तोबऱ्याच्या पलीकडून येणारे मोजके शब्द, एवढ्यावर त्यांनी पिढ्या घडवल्या. त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: "मूर्तीला पाठ असते. समोरून सगळेच बघतात. आधी मागं जाऊन या." वेरूळच्या सहलीत डबा खाता खाता ते रामकिसनला म्हणाले होते, "माझं डोकं कधी करायची वेळ आली तर तू कर रे." बाकीचे विसरले. सरही बहुधा विसरले. रामकिसननं मात्र ते वाक्य जपून ठेवलं होतं, आणि शंतनूचा प्रत्येक नवा पुतळा उभा राहिला की तो ते मनातल्या मनात काढून बघायचा. राहू देत की अकरा. सरांचं डोकं माझं आहे.

ग्रुपवर ठरलं की सरांचा अर्धपुतळा करून त्यांच्या गावच्या वाचनालयात बसवायचा. सर जिवंत आहेत, बरं दिसेल का, अशी शंका कुणीतरी काढली. सरांचं उत्तर त्यांच्या मुलीनं, सईनं, ग्रुपवर टाकलं: "मेल्यावर केलात तर चुका कोण काढणार?" त्याखाली तिनं असंही लिहिलं होतं की बाबांची डावीकडची दाढ काढली आहे, आठ दिवस कुणी भेटायला येऊ नये. सगळ्यांनी हात जोडले. रामकिसननंही जोडले आणि पुढं सरकला. त्याचं लक्ष पुढच्या ओळीवर होतं. पुतळा कुणी करायचा?

सरांनी निरोप दिला की दोघांनीही डोकं करून आणा, मी बघून सांगतो. बाहेरगावच्यांनाही बघता यावं म्हणून सईच्या टीव्हीवर दाखवायचं. त्यावर पुण्याच्या एका हुशारानं लिहिलं, "रामकिसन मातीत करणार, शंतनू डिजिटल. दोन वेगळे गट ठेवा, दोघंही पहिले येतील." खाली हसरे चेहरे. त्यांत शंतनूचा नव्हता, हे रामकिसननं दोनदा तपासलं आणि नव्हता म्हणून त्याला जास्त राग आला.

त्यानं एका झटक्यात लिहून टाकलं, "मी पण डिजिटल करतो."

लिहिल्यावर शेडमधल्या मातीच्या पिंपाकडं बघायची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात शंतनू हजर. बगलेत पिशवी. "अरे, नवा कशाला घेतोस यार? माझा जुना पडूनच आहे. चालतो मस्त. पेनाची टोकं पण आणलीत, झिजतात ती." आणि शत्रूच्या घरात बसून त्यानं चहा घेतला, पोहे घेतले, शाळेनं रामकिसनला कामासाठी दिलेल्या कंप्युटरला टॅबलेट जोडून दिला, आणि वर शिकवलंही.

"हे बघ, आधी फक्त गोळा. डोळे, ओठ, सुरकुत्या काही नाही. मोठा आकार जमला की मग बारीक. नवीन माणूस पहिल्याच दिवशी पापण्यांचे केस काढायला जातो आणि फसतो. पेन जोरात दाबशील तर खोल खड्डा, हलकं फिरवशील तर नुसता उंचवटा. आणि चुकलं तर हे बटण. मागं जातं."

"मागं म्हंजे?"

"चुकायच्या आधी."

रामकिसननं ते बटण बोटानं चाचपून बघितलं. मातीत असं बटण असतं तर शंतनूचं नाक कधीच पडलं नसतं आणि मग आपल्या आयुष्यात काय उरलं असतं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"लई साधा माणूस हाय," शंतनू गेल्यावर गीता म्हणाली.

"व्हय. तेच तर."

दुश्मनानं दगड मारला तर परत मारता येतो. टॅबलेट दिला तर काय मारायचं?

शिकणं सुरू झालं. पहिली अडचण अशी की रामकिसन हाताकडं बघायचा. हात जिथं, डोळा तिथं, ही जन्माची सवय. इथं हात खाली पाटीवर आणि काम वर पडद्यावर. पाटीवर बघून त्यानं झोकदार रेघ ओढली आणि मान वर केली तर सरांच्या होणाऱ्या कपाळातून एक शिंग बाहेर आलेलं. दुसरी अडचण, टॅबलेट टेबलावर ठेवून काम करणं त्याला लेखनिकासारखं वाटायचं. म्हणून त्यानं तो मातीकामाच्या फिरत्या स्टँडवर ठेवला. मग डोक्याची दुसरी बाजू बघायला स्टँड फिरवला. टॅबलेट फिरला, केबल गुंडाळली गेली, पडद्यावरचं डोकं ढिम्म.

तेव्हा तो उठला आणि कंप्युटरच्या मागं गेला.

गीता कपडे वाळत घालत होती. "तिकडं कामून गेलात?"

"मागून बघायलोय."

"कुणाला?"

रामकिसन त्या वायरींकडं आणि धुळीकडं बघत क्षणभर उभा राहिला. मूर्तीला पाठ असते, आधी मागं जाऊन या. गुरूचं वाक्य पाळल्याबद्दल माणूस इतका मूर्ख क्वचितच दिसला असेल. "धूळ लई झालीय इथं," तो म्हणाला आणि फडकं घेऊन धूळ पुसायला लागला.

डोकं फिरवायचं बटण नंतर सापडलं. पण ते दाबून पेन हलवलं की सर कोलांटी मारायचे. एकदा तर ते पडद्याबाहेर निघून गेले आणि त्यांना परत आणण्यात अख्खा रविवार गेला. त्यानंतर रामकिसननं फिरवण्याचा नाद सोडला. सर डावीकडून, जरा तिरके, जसे दिसत होते तसेच त्यांना बसू दिलं. एका अर्थी ते सोयीचंही होतं. वर्गात त्याचा स्टँड सरांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला असायचा, त्यामुळं सरांची तीच बाजू त्याला झोपेतही करता आली असती. मध्ये एकदा सरांना भेटून आला तेव्हाही तो सवयीनं डावीकडंच बसला.

आणि एक चमत्कार त्याच्या लक्षात आला. त्यानं डावा कान केला, तर पलीकडून उजव्या कानाची कडा आपोआप बाहेर आली. डावा डोळा केला, नाकापलीकडून उजवाही उघडला. रामकिसनला इतका आनंद पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

"गीता! अगं ये, बघ! म्या म्हणत नव्हतो? अर्धं त्यो करतो, अर्धं हे यंत्र करतंय!"

"मग?"

"मग अकरा कुठले? साडेपाच झाले त्याचे!"

त्या दुपारी तो दोन पोळ्या जास्त जेवला. शंतनूला मनातल्या मनात साडेपाचावर आणून ठेवल्यामुळं त्याचा हात एकदम मोकळा झाला. सरांचा डावा गाल त्यानं असा केला की बघत राहावं. आतून पानानं रेटलेला, वरून ताणून तुकतुकीत झालेला, खाली ओठाच्या कोपऱ्याला ओढ देणारा. पेनाच्या टोकाखाली तो तोबरा फुगत गेला तेव्हा त्याला कातचुन्याचा वास आला, शपथेवर. असला गाल शंतनूच्या बापालाही जमला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गालावर शेवटचा हात फिरवून, शाळेची घंटा चुकू नये म्हणून तो उठला आणि उठता उठता, जसं काम सोडताना रोज करायचा तसं, ओलं गोणपाट पिळून टॅबलेटवर पांघरलं. माती सुकू नये म्हणून.

"अवो! अवो!" गीता धावत आली आणि तिनं गोणपाट ओढून काढलं. "करंट लागंल, मराल ना! ते काय पापडाचं पीठ हाय का झाकून ठेवायला?"

रामकिसननं घाईघाईनं टॅबलेट शर्टाच्या टोकानं पुसला. थेंब राहिले का बघायला खिडकीच्या उजेडात तिरका धरला. आणि तसाच धरून राहिला.

काळ्या पाटीचा सगळा पृष्ठभाग खरबरीत होता. पण मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, तो झिजून गुळगुळीत झाला होता. आरशासारखी चमक होती तिथं. त्या चमकेत हजारो बारीक रेघा एकमेकींवर चढल्या होत्या. पेनाच्या एवढ्याशा प्लॅस्टिकच्या टोकानं इतकं झिजायला किती वेळा हात फिरला असेल, हे रामकिसनला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या स्वतःच्या लाकडी कोरणीवर अंगठ्याच्या जागी असाच खळगा पडला होता.

म्हणजे हा बसत होता. रोज बसत होता. नाकं पडणारा शंतनू.

शंतनू फुकट मोठा झाला, हे मानण्यात एक सुख होतं. ते त्या तिरक्या उजेडात गेलं. कष्टानं मोठ्या झालेल्या माणसाबद्दल जळायचं म्हणजे आणखी मेहनत. रामकिसननं टॅबलेट जागेवर ठेवला, शाळेत गेला आणि सातवीच्या वर्गाला दिवसभर झाड काढायला लावलं.

ठरलेल्या रविवारी सकाळी समर्थनगरात सरांच्या घरी सगळे जमले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही माजी विद्यार्थी जमिनीवर बसले. बाहेरगावचे सईच्या फोनमधून बघत होते. सर टीव्हीसमोर आरामखुर्चीत. तोंडात पान, डबा मांडीवर.

"सर, मी चार रविवार तुमच्यासमोर बसलो, तुम्ही खूप सहकार्य केलंत," शंतनू म्हणाला.

"सहकार्य कसलं, तू मला दर वेळी चूळ भरून यायला लावायचास," सर म्हणाले. "फोटोत पान चांगलं दिसत नाही म्हणे."

शंतनूनं आपलं डोकं टीव्हीवर लावलं. रामकिसन खोट शोधायच्या तयारीनं पुढं सरकला आणि मागं बसला. डोकं चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही. कपाळावरची आडवी आठी, उजवी भुवई वर, पानाशिवायही सवयीनं फुगून राहिलेला डावा गाल, सपाट उजवा गाल, सगळं जिथल्या तिथं. शंतनूनं ते हळूहळू चारी बाजूंनी फिरवलं. त्याच्या हातात ते कोलांटी मारत नव्हतं. मागून मानेवरची वळीसुद्धा होती. तो मागं गेला होता.

रामकिसन आपल्या चपला कुठं काढल्यात ते बघायला लागला.

मग त्याचं डोकं टीव्हीवर लागलं. डावी बाजू दिसताच खोलीत एक 'वा' निघाला. तो गाल बघून कुणीतरी म्हणालं, "आत्ता बोलतील सर!" रामकिसनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शंतनूही पुढं वाकून बघत होता, तोंड उघडं ठेवून.

"फिरव की," सर म्हणाले.

"राहू द्या सर. कशाला?"

"मूर्तीला पाठ असते," खोलीतले चार-पाच जण एकदम म्हणाले आणि हसले. शंतनूनं मदत म्हणून स्वतःच हात पुढं केला आणि डोकं समोर वळवलं.

उजव्या गालातही तोबरा होता. तेवढाच. तसाच तुकतुकीत. कान दोन झाले होते, डोळे दोन झाले होते, त्याच न्यायानं तोबरेही दोन झाले होते, आणि ही एवढीशी गोष्ट त्या आनंदात रामकिसनच्या डोक्यात आली नव्हती.

मग मागून कुणीतरी फसकन हसलं. सईच्या फोनमधून पुण्याचा हुशार म्हणाला, "सरांनी दुष्काळाची बेगमी केली काय?" मग सगळी खोली हसली. फक्त शंतनू हसला नाही, आणि हे रामकिसननं नेमकं पाहिलं.

सरही हसत नव्हते. त्यांनी डबा बाजूला ठेवला. आधी डावा गाल चाचपला, मग उजवा. मग उठून भिंतीवरच्या आरशापाशी गेले आणि मान दोन्हीकडं वळवून बघायला लागले.

"सई," ते आरशातूनच म्हणाले, "हा उजवा कधीपासून?"

"दाढ काढल्यापासून, बाबा. डावीकडं चावता येत नाही म्हणून तुम्ही पान उजवीकडं धरता. डावा तर सवयीनं फुगलेलाच आहे. आता दोन्हीकडं दिसतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

सर वळले. "मला नाही. या शंतनूला नाही. त्यानं तर मला तोंड धुवून बसवलं. त्याच्याकडं धुतलेलं तोंडच आलं. ह्यानं मला बघितलं." त्यांनी रामकिसनच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला म्हणालो होतो ना, वेरूळला? डोकं तू कर."

सर विसरले नव्हते. टाळ्या वाजल्या. रामकिसनला उभं राहावं लागलं. जे वाक्य त्यानं इतकी वर्षं जपलं होतं ते सगळ्यांसमोर खरं झालं होतं, आणि त्याला एकच गोष्ट दिसत होती. तो उजवा गाल. त्याला त्यानं पेनाचं टोकसुद्धा लावलं नव्हतं. 'त्यो कुठं करतो? कंप्युटर करतो.' या सबंध जिल्ह्यात हे वाक्य अखेर एका माणसाला तंतोतंत लागू पडलं होतं.

खाली चपला घालताना शंतनू जवळ आला.

"कसं दिसलं रे तुला?"

सांगून टाकावं, असं रामकिसनला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आलेही. "बघावं लागतं," तो म्हणाला.

शंतनूनं मान डोलावली. "आणि नवा असून दोन्ही बाजू एकसारख्या करायचं बटण आठवणीनं बंद केलंस. मी माझ्या पहिल्या डोक्याला विसरलो होतो. चेअरमनच्या एका गालावर तीळ होता, दोन्हीकडं आले. परत करावं लागलं सगळं." तो हसला. "मी येतो आता रोज सरांकडं. करायला नाही, नुसता बघायला. चुकलंच माझं."

रामकिसन घरी पोचायच्या आत ग्रुपवर सईनं फोटो टाकला होता. त्याखालचा पहिला अंगठा शंतनूचा होता. फोटो पडल्याच्या मिनिटाला. वाट बघत बसल्यासारखा. वर एक ओळ: "नजर असावी तर अशी. अभिमान वाटतो मित्रा."

रामकिसननं ती ओळ उलटीसुलटी करून वाचली. त्यात कुठं टोमणा आहे का, काही कुचकेपणा, निदान थोडी आग? काही नव्हतं. एवढं सगळं होऊनसुद्धा शंतनू जळत नव्हता. कॉलेजात नाक बसवता येत नव्हतं, आणि माणसाला जळता यावं एवढी साधी गोष्ट, तीही येत नव्हती त्याला. रामकिसनला वाटलं, जिंकायचं तरी कुणापुढं?

"जिंकलात म्हणं," गीता म्हणाली. "मंग तोंड कामून असं झालंय?"

"काय नाय."

तो टॅबलेटसमोर बसला. ते बटण शोधलं आणि बंद केलं. मग पेन उचलून, पडद्याकडं बघत, सरांचा उजवा गाल साफ पुसून सपाट केला आणि स्वतःच्या हातानं नव्यानं फुगवायला घेतला. जमला नाही. मागं जायचं बटण दाबलं. पुन्हा केला. यंत्राचा बरा होता.

गीतानं चहा आणून ठेवला. "आता कुणाशी भांडायलात?"

तिसऱ्यांदा सुरुवात करताना पेन आपसूक पाटीच्या मधोमध, त्या गुळगुळीत जागेवर गेलं. ते त्यानं हट्टानं उचललं आणि कडेला, जिथं पाटी अजून खरबरीत होती, तिथं टेकवलं.